टाचणीची पांढरी ट्यूब

वसतिगृह, खोली नऊ
३ जुलै

ती. आत्यास,
खारूचा सा. न. वि. वि.

रविवारी बाबांशी फोनवर पाच मिनिटं बोलायला मिळतं, तेही रेक्टरबाईंच्या टेबलाशी उभं राहून. तिथे हा विषय काढायची सोय नाही, म्हणून पत्र. आत्या, माझ्या तोंडावर पुटकुळ्यांनी बिऱ्हाड थाटलंय. आधी कपाळावर दोन होत्या, आता मोजणं सोडून दिलं. हनुवटीवरची एक तर अशी ठसठसते की वर्गात दुसरं काही सुचत नाही. टूथपेस्ट लावून झाली, लिंबू चोळून झालं, अंगाच्या साबणाने दिवसातून सहा वेळा तोंड धुऊन झालं. कातडी ताठ ओढल्यासारखी होते, पुटकुळ्या जागच्या जागी. मेसमध्ये मी सगळ्यांत शेवटी जाते, म्हणजे समोर कुणी बसत नाही.

तू नाटक कंपनीत रंगभूषा करतेस, तरण्याताठ्यांना म्हातारं करतेस. नटांच्या तोंडाला लावतेस तो जाड रंग डबीभर पाठव. बाबांना बोलू नकोस. ते म्हणतील, वयच आहे, जाईल. त्यांचं काय जातंय?

लोभ आहेच, तो वाढावा. पुटकुळ्या आहेत तेवढ्यावर थांबाव्यात.

तुझी,
खारू


मेकअप रूम, दुसऱ्या घंटेच्या आत
९ जुलै

चि. खारूस,
अ. उ. आ.

रंग मिळणार नाही. रुसायचं तर आत्ताच रुसून घे. तो रंग चढवायला मला वीस मिनिटं लागतात आणि उतरवायला तीस. तुझ्या कपाळावर तो बसला तर खालची भोकं बुजतील आणि दोनाच्या वीस होतील. लिंबू आणि टूथपेस्ट आजपासून बंद.

सोबत पुडकं पाठवलंय. त्यातल्या सौम्य फेसवॉशने तोंड फक्त दोनदा धुवायचं, सकाळी आणि झोपताना. वाटाण्याएवढा पुरे. घासायचं नाही, भांडी नाहीत ती. टॉवेलने टिपायचं आणि ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावायचं. तोंड तेलकट असलं तरी लावायचं. हे बिनतेलाचं आहे. सकाळी बाहेर पडण्याआधी वरून सनस्क्रीन. केसांचं तेल कपाळावर ओघळू देऊ नकोस. उशीचा अभ्रा आठवड्याला बदल. तुझा अभ्रा मी पाहिलाय, त्याबद्दल जास्त बोलत नाही. दोन महिन्यांनी फरक दिसेल. नाहीच दिसला तर डॉक्टरकडे जाऊ.

आणि फोडू नकोस. माझ्या डाव्या गालावरचे खड्डे रंगामुळे पडले असं सगळ्यांना वाटतं. ते सोळाव्या वर्षी मी स्वतःच्या नखांनी पाडलेत. तुझा बाप तेव्हा मला चाळणी म्हणायचा.

लोभ कर, घाई करू नकोस.

तुझी,
आत्या


२६ जुलै

ती. आत्यास,
सा. न.

दोन महिने! आत्या, आरशासमोर दोन महिने कसे काढतात? आठवडाभर तू म्हणालीस तसं सगळं केलं, अभ्रासुद्धा बदलला. फरक एवढाच की कातडी ओढत नाही. रोज सकाळी आधी बोटांनीच चाचपते, मग उठते. पुस्तक उघडते, मिटते, पुन्हा आरसा.

पण आता काळजी सोड. माझ्या शेजारच्या कॉटवर एक मुलगी असते, अंगाने बारीक आणि बोलायला टोकदार, म्हणून सगळ्या तिला टाचणी म्हणतात. तिच्याकडे एक पांढरी ट्यूब आहे. तिची आई औषधाच्या दुकानातून आणते, चेहरा उजळतो म्हणून. तिने मला बोटभर दिली. चार दिवसांत कपाळ गुळगुळीत! काल मी मेसमध्ये मधल्या टेबलावर बसले. आज सहावा दिवस. टाचणी तर वर्षभर लावतेय, दर महिन्याला नवी ट्यूब. उन्हात तिचे गाल लाल होतात तेवढंच.

लोभ तुझा, करामत ट्यूबची.

खारू


३० जुलै

चि. खारूस,
आशीर्वाद.

पत्र हातात पडल्यापासून मी खुर्चीत टेकलेली नाही. आज एका राजाची मिशी वाकडी लावली. ती ट्यूब आत्ताच्या आत्ता बंद कर. तिच्या मागचं बारीक अक्षर वाच आणि नाव लिहून घे. माझा संशय खरा असेल तर त्यात स्टेरॉइड आहे. डॉक्टर ते गरजेपुरतं, मोजक्या दिवसांसाठी देतात. गोरं व्हायला ते नाही. आमच्याकडची एक नटी असंच काहीतरी वर्षभर लावत होती. कातडी इतकी पातळ झाली की दिव्यांखाली चेहरा भाजल्यासारखा दिसायचा. पाच महिने मी तिच्या तोंडाला ब्रश लावू शकले नाही.

तुझे थोडेच दिवस झालेत. मला भीती त्या मुलीची आहे. तिला सांग. ऐकणार नाही, तरी सांग. वर्षभर लावलेलं तिने मनाने एकदम सोडू नये, आधी डॉक्टरांना दाखवावं. तुम्ही दोघींनीही. रेक्टरबाईंना सांगावं लागलं तर सांग.

लोभ नंतर, आधी पोच पाठव.

आत्या


११ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझा संशय खरा निघाला. मी बंद केली आणि तिसऱ्या दिवशी पुटकुळ्या दुपटीने परतल्या. टाचणीला सांगितलं तर ती म्हणाली, तुला माझी गोरी कांती बघवत नाही. दोन दिवस बोलली नाही. मग एका दुपारी वर्ग बुडवून ती खोलीत ओला रुमाल तोंडावर दाबून बसलेली दिसली. आग होतेय का विचारलं, तर म्हणाली, दार लाव.

आत्या, मी जिन्यात खालीवर तीन चकरा मारल्या. मग रेक्टरबाईंकडे गेले.

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या दुसऱ्याच दिवशी आम्हाला इस्पितळात घेऊन गेल्या. मला डॉक्टरीणबाईंनी तुझंच सगळं पुन्हा सांगितलं, वर एक औषध दिलं. ट्यूब बघून हे स्टेरॉइडच म्हणाल्या, आणि टाचणीला सांगितलं की क्रीम सोडल्यावर आधी जास्त लाल होईल, महिने लागतील, पण घाबरून परत त्याच ट्यूबकडे वळायचं नाही. परतताना तिने मला चुगलखोर म्हटलं आणि कॉट खिडकीकडे सरकवली. मी मधल्या टेबलावर बसते, ती आता सगळ्यांत शेवटी येते. मी बरोबर केलं ना?

लोभ असूच दे, आत्ता तो लागतोय.

खारू


२ सप्टेंबर

खारूच्या आत्यांना,
टाचणीचा नमस्कार.

आपली ओळख नाही. पत्ता खारूच्या वहीतून घेतला, तिला विचारूनच. आम्ही परवापासून बोलतोय.

रविवारी आई भेटायला यायची होती. ती दर खेपेला नवी ट्यूब आणते. आठवडाभर मला अन्न गोड लागलं नाही. माझा चेहरा तेव्हा भाजल्यासारखा लाल होता. रुमाल बांधून जावं असं ठरवलं होतं. खारूने माझ्याशी न बोलताच स्वतःचं सनस्क्रीन माझ्या कॉटवर आणून ठेवलं. मग मी तशीच फाटकाशी गेले.

आईने पर्समधून ट्यूब काढली आणि माझ्याकडे बघून तशीच हातात धरून राहिली. मी सगळं एका दमात सांगून टाकलं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या तेही. मला वाटलं, रडेल किंवा ओरडेल. तिने फक्त विचारलं, दुखतं का. मी हो म्हटलं.

मग ती बाकावर बसली, रुमाल पाण्यात भिजवला आणि स्वतःच्या गालावरची पावडर पुसली. खाली माझ्यासारखाच लालपणा होता. सहा वर्षं, म्हणाली. मी तिला उठवून सावलीत नेलं.

शुक्रवारी तिला त्याच डॉक्टरीणबाईंकडे नेणार आहे. रेक्टरबाईंनी परवानगी दिली. आईला बाहेर पडताना पावडर लागतेच. उघड्या चेहऱ्याने रस्त्यावरून जायला ती घाबरते. तुम्ही रोज माणसांचे रंग उतरवता. तिला काय सांगू, ते कळवाल का?

लोभ मागायला माझा काही हक्क नाही, तरी थोडा माझ्याकडेही वळवावा.

आपली,
टाचणी