तेल पाजलेली काठी

शहातादादा,

तुमच्या घराचा दरवाजा, आईची खाट, माझ्या नाजीचा पाळणा आणि वर्षभर तेल पाजलेली तुमची बाभळीची काठी, हे सगळं मी कुणाकडेही न शिकता या हातांनी घडवलं.

माझ्या धाकट्या पोराचा, स्वतःच्या भावाचा, खून झाल्यावर सूड घ्यायला नाजीने नकार दिला, तेव्हा भर बैठकीत तुम्ही हसलात. "आजची पोरं! मोबाइल कुरवाळणारे हात, बंदूक काय धरणार?"

"काका, मारेकरी रीतीप्रमाणे स्वतःचं कफन हातात घेऊन शरण दारी आले तर मी माफ करीन."

"बायल्या!" म्हणत तुम्ही काठी त्याच्या डोक्यात घातली. तिसऱ्या घावाला कवटी फुटली. काठीला तडाही नाही. त्याने हात उचलला नाही.

हे पत्र मी तुमच्या कोठडीत धाडणार नाही. पण पंचांमार्फत आलेलं तुमचं बोलणं मी झिडकारलं: 'पोरगा गच्चीवरून पडला' असं पोलिसांना सांगायचं, आणि पाच लाख पौंड घ्यायचे.

नाजीचा बाप,
सुब्ही