पिवळं मलम

सर, काल आईने परत ते पिवळं मलम मागितलं. तिची बोटं कापसाच्या बोंडाला लागून आता कितीतरी वर्षं झाली. ती माझ्याकडेच राहते आणि मी तिला भांड्यालासुद्धा हात लावू देत नाही. तरी थंडी पडली की तिला जुन्या भेगा आठवतात आणि भेगांबरोबर तुम्ही. "मास्तरचं मलम उरलं काय वं?" असं विचारते. तुम्ही कॉलेजात प्राध्यापक होतात हे तिला शंभरदा सांगून झालं, पण तिच्या लेखी तुम्ही मास्तरच. म्हणून आज सुट्टी काढून मी स्वयंपाकघरात हळद, तेल आणि मेण घेऊन बसले आहे. गॅस अगदी बारीक ठेवलाय, तुम्ही सांगायचात तसा, आणि तेल तापेपर्यंत तुमच्याशी बोलावंसं वाटतंय.

आपली प्रयोगशाळा म्हणजे हायवेच्या कडेची लांबट खोली. ट्रक गेला की कपाटातली काचेची भांडी किणकिणायची. तुमच्या अब्बांचं मलकापूरच्या बाजारात काष्ठौषधींचं दुकान होतं, त्यामुळे तुमच्या शर्टाला कायम ज्येष्ठमधाचा आणि ओव्याचा वास. झाडपाल्यात गुण असतो हे सगळेच सांगतात, तो माणसाच्या अंगात पोचवायचा कसा, हा तुमचा ध्यास होता. हळद गिळली तर पोटातून रक्तात जेमतेम उतरते, म्हणून तुम्ही दुसऱ्या वाटा शोधत होतात, एक कातडीतून आणि एक तोंडाच्या आतल्या मऊ अस्तरातून. काचेच्या भांड्याचे दोन भाग, मधे कातडीचा तुकडा ताणून बसवलेला. वर औषध ठेवायचं आणि खालच्या पाण्यात किती उतरलं ते मोजायचं. त्यासाठी तुम्ही खाटकाकडून बकऱ्याचा गाल आणायचात, आणि तोही तुमच्या जेवणाच्या डब्याच्याच पिशवीतून. आम्ही मुली नाकाला ओढण्या लावून उभ्या असायचो आणि तुम्ही मात्र सोनाराच्या तन्मयतेने तो गाल सोलत असायचात.

तोंडासाठी तुम्ही पानासारखी पातळ पट्टी बनवली होती, गालात चिकटवायची आणि हळूहळू विरघळू द्यायची. ती आधी स्वतःच्याच गालात लावून तुम्ही वर्गावर यायचात आणि ती विरेपर्यंत न बोलता फळ्यावर लिहून शिकवायचात. मागच्या बाकावरची मुलं मुद्दाम शंका विचारायची. एकदा मला राहवलं नाही. लोक असलं काही गालात धरून बसतील का, असं मी विचारलं. तुम्ही खिडकीबाहेर पट्टी थुंकून आलात आणि म्हणालात, "इथला माणूस तंबाखू गालात धरून दिवसभर औत हाकते बेटा, दवा काऊन नाही धरणार?" तुमचे दात त्या दिवशी पिवळेधमक होते. अख्खा वर्ग हसला आणि तुम्हीही.

त्याच वर्षीचा हिवाळा. बीटीचं बियाणं आपल्याकडे तेव्हा नवीनच होतं. पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं उभं पीक, एकदम पांढरी व्हायची आणि शेतमालकांना घाई सुटायची. बियाण्यात आणि फवारणीत सगळं घालून बसलेली माणसं ती. भाव पडायच्या आत माल मलकापूरला पोचला पाहिजे, ही एकच धास्ती. पेपरात रोज कुणा ना कुणा शेतकऱ्याने जीव दिल्याची बातमी असायची आणि ती कुणी मोठ्याने वाचायचं नाही. आई वेचणीच्या टोळीत जायची. टोळीत प्रत्येकीची पात ठरलेली, म्हणजे पऱ्हाटीच्या ज्या ओळी तिने वेचायच्या त्या. एखादी घरी बसली की तिची पात दुसरी धरते आणि मग हंगामभर तिला कुणी बोलावत नाही. बोंडांच्या वाळक्या टोकांनी आईची बोटं चिरली होती, नुसती चिरली नाही तर पिकली होती. वडील आधीच गेलेले. गावाहून येणाऱ्या एकाकडून तिने निरोप धाडला, "माही पात सुटून राह्यली, तू ये." मी पिशवी भरली. माझा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प अर्धा होता. गेले असते तर वर्ष गेलं असतं, आणि आमच्या घरात वर्ष जाणं म्हणजे शिक्षणच संपणं.

तुम्ही ती पिशवी पाहिलीत, काय झालं ते विचारलंत, आणि कपाटातून हळदीच्या मलमाची डबी काढून माझ्या हातात ठेवलीत. आईला नेऊन दे, लावून वेचायला जाऊ दे आणि तू उलट्या पावली परत ये, असं सांगितलंत. मी तसंच केलं. पण आठवडा संपायच्या आत आईचा पुन्हा निरोप आला. संध्याकाळी मालकाच्या वजनकाट्यावर तिचं गाठोडं सोडलं तर आतल्या सगळ्या कापसाला पिवळी बोटं उमटलेली. इतर बायकांचा माल पांढराशुभ्र आणि आईचा जसा काही हळदीच्या मांडवातून आलेला. मालक वाईट माणूस नव्हता, पण तोही घाबरलेलाच होता. "बाई, हा कापूस मायाकडून मलकापुरात कोण घेईन?" असं म्हणाला आणि हात साफ झाल्याशिवाय येऊ नको म्हणून सांगितलं. आपण ते मलम बकऱ्याच्या कातडीवर लावून पाहिलं होतं, अंड्याच्या आतल्या पापुद्र्यावर पाहिलं होतं. कापसाच्या जिल्ह्यात बसून कापसावर लावून पाहायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तुम्ही कपाळावर हात मारून घेतलात.

रविवारी सकाळी टेम्पो आमच्या गावात शिरतो तो क्षण मला आजही जसाच्या तसा दिसतो. मागे उभा सगळा वर्ग, पुढे ड्रायव्हरशेजारी डोक्याला रुमाल बांधलेले तुम्ही. आधी तुम्ही मालकाकडे गेलात. बाईची पात माझी पोरं वेचतील, माल स्वच्छ देतील, काट्यावर तो बाईच्याच नावाने घ्या, असं अगदी अदबीने सांगितलंत. मग आमच्या दारात येऊन बसलात. "माय, तुमची पात आता हे पोरं धरतीन. तुम्ही फक्त हात घेऊन बसा," म्हणालात. आई लाजून पदर ओढत राहिली. तुम्ही तिच्या उजव्या हाताला मलम लावून जुन्या धोतराची मऊ पट्टी बांधलीत आणि डावा हात मुद्दाम तसाच ठेवलात. मलमाने फरक पडतो का हे कळायला एक हात कोरा हवा, हे तुम्ही तिला इतकं समजावून सांगितलंत की तिने मान डोलावली. सुट्टीच्या दिवशीसुद्धा तुमच्यातला संशोधक काही घरी राहिला नव्हता.

शेतात मात्र तुमची पार फजिती झाली. आम्ही बहुतेक जण वेचणीतच वाढलेलो, आमचे हात आपोआप चालत होते. तुम्ही एकेका बोंडाशी झटत होतात आणि कापसाबरोबर निम्मा पाला ओटीत भरत होतात. आई धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून हसत होती, मास्तर, पाला येऊन राह्यला, असं पुन्हा पुन्हा सांगत होती. तिला तसं हसताना मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. दुपारी बाभळीखाली भाकरी खायला बसलो तेव्हा तुमच्या बोटांतून रक्त येत होतं. तुम्ही ती बोटं उलटीसुलटी करून पाहिलीत आणि हळूच म्हणालात, "हे रोज लागते या बायायले?" संध्याकाळी काट्यावर माल चोख निघाला. पुढे आईच्या भेगा मिटेपर्यंत वर्गातली मुलं तास संपला की आळीपाळीने जात राहिली आणि तिची पात कुणी दुसरीने धरली नाही.

मग तुम्ही भिंग घेऊन तिचे हात पाहायला आलात. उजवा हात बरा झाला होता आणि डावाही अगदी तेवढाच. डावा कसा काय, असं तुम्ही विचारलंत. आईला तो प्रश्नच कळला नाही. "लावताना बोटाले उरते थे काय फेकून देऊ?" ती म्हणाली. उरलेलं मलम ती रोज डाव्या हाताला जिरवत होती. तुम्ही आमच्या ओसरीवर पोट धरून हसलात. प्रयोग गेला, हात वाचले, सौदा काही वाईट नाही, असं म्हणत चहा प्यालात. मी चुलीपुढे बसून रडत होते, धुरामुळे नव्हे. माझं वर्ष वाचलं होतं.

आज मी हेच काम करते, सर. अंगाला लावायच्या पट्ट्या, तोंडात विरघळणारे पापुद्रे. तुमची ती गालातली पट्टी खरी ठरली. आम्ही जवळपास तशीच करतो आणि तिच्यातलं औषध छान उतरतं. पण तुम्ही गेल्यावर मी आणखी एक केलं. तुमचं अपुरं काम पुरं करावं, या ओढीने पिवळं मलम आमच्या चांगल्या यंत्रांवर लावून पाहिलं. खालच्या पाण्यात हळद जवळजवळ उतरलीच नाही. ती वरच बसून राहिली होती, कातडी रंगवत. आईचे हात थोडे मेणातेलाने आणि खरं म्हणजे विसाव्याने बरे झाले होते, तुम्ही तिची पात धरलीत म्हणून. त्या दिवशी मी यंत्र बंद केलं आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडले. तुम्ही दर नव्या वर्गाला त्या मलमाची गोष्ट किती आनंदाने सांगायचात. की तुम्हाला ते आधीच ठाऊक होतं आणि म्हणूनच तुम्ही टेम्पो भरून माणसं आणलीत? हे विचारायला आता कुणी नाही. ही चाचणी मी कुणालाही दाखवलेली नाही, आईला तर नाहीच.

तेल तापलं. आतून आई विचारते आहे, झालं काय वं. मी हाव म्हणते आणि हळद घालते. ती मी जरा जास्तच घालते, सर. आईचा त्या रंगावर विश्वास आहे, आणि सगळं मोजून झाल्यावरही, खरं सांगायचं तर, माझासुद्धा आहे.