आईच्या हातचा रफू

३ फेब्रुवारी

मिळाला! नऊ नंबर मिळाला!

टोपीवाल्याने कचेरीतच आणून दिला, वर्तमानपत्रात गुंडाळून. हा माणूस जुन्या वस्तूंचा धंदा करतो. लोकरी टोपी उन्हाळ्यातही काढत नाही आणि सरळ उत्तर कधी देत नाही. "कुठून मिळाला?" — "साहेब, मिळाला ना? मग!" बाकीचे जेवायला गेले होते, बरं झालं. नकाशे गिरवायच्या काचेच्या टेबलाखालचा दिवा लावला आणि शर्ट त्यावर पसरला. डाव्या खांद्यावर बोटभर रफू. दोरा आधी आडवा, मग उभा, आणि शेवटी गाठ न मारता आतल्या आत वळवून घेतलेला. आईचा हात! डोळ्यांत पाणी आलं, कबूल करतो. छप्पन्न वर्षांचा बाप्या फुटबॉलच्या शर्टावर रडतोय.

फुटबॉल क्लबच्या त्या जुन्या अंतिम सामन्यातल्या अकरा शर्टांपैकी आठ जमा झाले. उरले तीन.

४ फेब्रुवारी

ही म्हणाली, "आणलंत का आणखी एक न धुतलेलं?" माझ्या खोलीला ही उलटी लाँड्री म्हणते — कपडे आत येतात, धुऊन बाहेर जात नाहीत. विनोद जुना आहे, तरी हसलो.

कितीदा सांगितलं हिला, की धुतला की शर्ट मेला! घामाचा पिवळा डाग, कोपरावरचं गवत, मैदानाच्या रेघेचा चुना — तीच तर साक्ष. मात्र डाग कुणीही पाडू शकतो, नंबर कुणीही शिवू शकतो. म्हणूनच शर्ट जमवणारे सगळे, तो खरा असल्याची माझी सही मागतात. मी रफू बघतो. बाबा गेल्यापासून बारा वर्षं क्लबचे फाटके शर्ट आईकडे यायचे. गठ्ठा काखेत मारून ती सोमवारी आणायची, शुक्रवारी पोचवायची. तो रफू दुसऱ्या कुणाला येत नाही. ज्याच्यावर तो आहे, तो शर्ट खरा. इतकं सोपं.

७ फेब्रुवारी

क्लबचे सचिव घरी आले होते. क्लबला शंभर वर्षं होतायत. जुन्या वस्तूंची एक खोली करणार, दहा मार्चला उघडणार. माझे आठही शर्ट काचेआड. आणि मधोमध आईचा फोटो! खाली ओळ — "या हातांनी बारा वर्षं आमचे शर्ट सांधले." सचिव म्हणाले, "मातोश्रींना आणायचं हं. त्यांच्याच हस्ते उद्घाटन." त्या क्लबात आईला कधी कुणी खुर्ची दिली नव्हती. मागच्या दाराने जायची, मागच्या दाराने यायची.

संध्याकाळी ताईकडे गेलो. आई तिच्याकडेच असते. दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत मशीन. ताई एका तयार कपड्यांच्या दुकानाचं काम घेते — पँटी आखूड करणं, चेन बदलणं. आईला बातमी दिली तर म्हणते, "माझा फोटो कशाला रे? तोंडात दात नाहीत." म्हटलं, "आई, तुझ्या हातांचा मान आहे तो." तिने पांघरूण ओढून घेतलं. आनंद दाखवणं तिला जमतच नाही. ताई नेहमीसारखीच — ओठांत चार टाचण्या, बोलायची सोयच नाही. मशीन चालवत राहिली.

११ फेब्रुवारी

सचिवांनी क्लबच्या कपाटातले सामन्याचे जुने फोटो दिले. फोटो-शर्ट जुळवणी हे माझं आवडतं काम. भिंग घेऊन बसलो.

नऊ नंबरचा पाठमोरा फोटो आहे, स्वच्छ. आकड्याची शेपटी खालच्या शिवणीला टेकलेली दिसते. माझ्या शर्टावर ती शिवणीपासून बोटभर वर आहे.

बोटभर. नकाशात बोटभर चूक म्हणजे तीन गावं इकडची तिकडे.

१२ फेब्रुवारी

आणखी तीन फोटो पाहिले. तिन्हींत शेपटी टेकलेली. हा तो शर्ट नव्हे.

पण रफू आईचाच आहे! डोळे मिटून ओळखीन. मग काय समजायचं?

१५ फेब्रुवारी

आज जे केलं ते आयुष्यात कधी केलं नव्हतं. रफूतला एक धागा उपसून काढला आणि काडी लावली. सुती दोरा कागदासारखा जळतो, राख होते. हा आक्रसला आणि टाचणीच्या डोक्याएवढा कडक मणी झाला. प्लॅस्टिकचा वास. हा आजचा दोरा, मशीनवरचा. आईकडे तेव्हा क्लबची सुती रिळं यायची, दुसरं काही नाही.

म्हणजे रफू नवा आहे. आणि आईला पंधरा वर्षं सुईचं भोकच काय, सुईही दिसत नाही.

त्या घरात सुई धरणारं माणूस एकच.

१६ फेब्रुवारी

कामात लक्ष नाही. एक नदी दोन गावांच्या चुकीच्या अंगाने नेली. पुन्हा गिरवली.

१९ फेब्रुवारी

गेलो. शर्ट ताईच्या मशीनवर टाकला. आई आत रेडिओ लावून पडली होती.

"हा तू केलास?"

"हो." लपवाछपवी काही नाही! "तो टोपीवाला माणूस घेऊन आला होता. आजोबांची आठवण आहे म्हणाला. तो सांगत होता तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तुझे जुने शर्टच आले, तसाच केला. असे पाच-सहा झाले असतील."

"आणि ते माझ्याकडे आले! मी सह्या केल्या त्यांच्यावर! ताई, तू आईची नक्कल केलीस."

तिने ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या. डबीत ठेवल्या. "नक्कल?" असं म्हणून आतल्या खोलीकडे बघितलं. रेडिओ चालू होता. मग हळूच म्हणाली, "बरं. नक्कल म्हण."

"लाज नाही वाटली?"

"मला काय माहीत तू रफूवर शिक्के मारत फिरतोस! किती केल्यास सह्या?"

"एकोणीस."

"अगबाई!" — आणि हसली. खरंच हसली! माझं आयुष्य उसवत होतं आणि ही हसत होती. मी काय काय बोललो ते इथे लिहिणार नाही. आईच्या नावावर जगतेस, हे बोललो, एवढं मात्र आठवतं. तेव्हा ती हसायची थांबली. म्हणाली, "दहा तारखेपर्यंत आईपुढे यातलं एक अक्षर काढू नकोस. तिचा दिवस आहे तो." मला उपदेश!

२१ फेब्रुवारी

पत्र लिहिलं. शर्ट जमवणाऱ्या आम्हा चाळीसेक जणांना आणि सचिवांना. टोपीवाल्यामार्फत आलेले सहा शर्ट — माझा नऊ नंबर आणि इतरांकडचे पाच — खोटे धरावेत, माझी सही रद्द समजावी. हे लिहिणं माझं कर्तव्यच होतं. पण पुढे लिहिलं, की हा रफू माझ्या सख्ख्या बहिणीने केलेला आहे, आईच्या हाताची नक्कल करून, आणि अशा बाईपासून सावध राहावं. पहिला खर्डा हिने वाचला. म्हणाली, "शेवटचं वाक्य काढा हो." नाही काढलं. खरं ते खरं.

पाठवून टाकलं.

२२ फेब्रुवारी

जेवण गेलं नाही.

२८ फेब्रुवारी

उत्तरं येतायत. "तुमच्यासारखा चोख माणूस नाही." "स्वतःच्या बहिणीलाही सोडलं नाहीत, कमाल आहे." वाचून बरं वाटायला हवं होतं.

टोपीवाला फोन उचलत नाही. त्याच्याबद्दल पत्रात दोनच ओळी आहेत. ताईबद्दल सहा. आज मोजल्या.

२ मार्च

ही ताईकडे जाऊन आली. आल्यावर चहा माझ्यापुढे आपटलाच. त्या चाळिसांतल्या कुणीतरी पत्र पुढे पाठवलं, ते फिरत फिरत ताईच्या दुकानदाराकडे गेलं. त्याने तिला काम देणं थांबवलं. "खोटेपणा करणारीच्या हातात गिऱ्हाइकांचे कपडे कसे देऊ म्हणाला." मशीनवर कापड घालून ठेवलंय. आई विचारते, मशीन का बंद? ताई सांगते, पट्टा तुटलाय.

"तुम्हाला ती बहीण आहे की नमुना?" हिने विचारलं.

खोलीत जाऊन बसलो. शर्ट टांगलेले होते, एका ओळीत. पहिल्यांदाच त्या वासामुळे खिडकी उघडली.

५ मार्च

उरलेल्या सातही शर्टांतला एकेक धागा जाळला. सातही सुती. सातांची राख झाली. सात खरे! आई खरी!

मग इतकं उदास का वाटतंय? एकसष्ट वर्षांची बाई. लग्न केलं नाही, आईला सांभाळलं, कधी काही मागितलं नाही. चुकली असेल. पण मी ते चाळीस लोकांना का सांगितलं? दुकानदाराकडे जाऊन बोलावं असं आज दोनदा मनात आलं. बूट घातले. काढले. काय सांगणार? की मी लिहिलं ते खोटं? ते खोटं नाही ना!

८ मार्च

सचिवांचा फोन. फोटो चौकटीत बसवून आला, झकास दिसतो म्हणाले. "तुमची बहीण... त्या येणार नाहीत ना? म्हणजे लोक कुजबुजतील." मी म्हटलं, "नाही येणार." मी तिला विचारलंसुद्धा नव्हतं.

९ मार्च

ही आईला आज संध्याकाळीच घेऊन आली. ताईने पिशवी भरून दिलीय. साडी इस्त्री करून, ब्लाउजच्या बाह्या सैल करून, औषधांच्या पुड्यांवर मोठ्या अक्षरांत सकाळ-दुपार. स्वतः येत नाही. "मला काम आहे" असा निरोप. कसलं काम!

आईला कळायला नको म्हणून घरात सगळे फार मोठ्याने आणि फार गोड बोलतोय. आई विचारते, "तुमचं दोघांचं काही बिनसलंय का?" छे छे म्हटलं. ती माझा हात धरून बसली. बोटं अजून केवढी राठ आहेत तिची. इस्पितळाच्या लाँड्रीत चादरी पिळून पिळून तशी झालेली. मला लाज वाटली. कसली, ते नीट सांगता येत नाही.

१० मार्च

सचिवांनी पाच नंबरचा शर्ट आईच्या मांडीवर ठेवला, फोटोसाठी. आईने बोटांनी रफू चाचपला. बराच वेळ. मग म्हणाली, "ताई कुठाय?"

"नाही आली."

"मग फोटो कुणाचा काढताय? हा तिचा हात आहे."

मी कानाशी वाकून म्हटलं, "आई, हा जुना आहे. खरा आहे. तुझा."

"जुन्याचंच सांगतेय मी. सगळे तिनेच केले. लाँड्रीतून आल्यावर मला सुई कुठली दिसायला! अकरा वर्षांची होती. पोरीच्या हाती क्लब काम देईना, म्हणून नाव माझं. तू मैदानावर असायचास. पुढे तू इतक्या कौतुकाने सांगत राहिलास, तीच म्हणाली, राहू दे आई."

कॅमेरेवाला थांबला होता. सचिव थांबले होते. मी बाहेर येऊन ताईला फोन लावला. तिने लगेच उचलला. म्हटलं, "ताई..."

"काय झालं रे?" ती म्हणाली. "आईने दुपारची पुडी घेतली ना?"