सासऱ्यांचं बिनरंगी विमान

२ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेणाऱ्याने नोंदी ठेवाव्यात. नाहीतर नंतर लोकांना वाटतं, सगळं आपोआप झालं.

काम असं. काल सासऱ्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. पडदा खराब होतोय. समोरचं दिसणं हळूहळू जाणार, कडेकडेचं तेवढं राहणार. गेलेलं परत येत नाही. डॉक्टर म्हणाले, जे डोळे भरून बघायचं असेल ते लवकर बघून घ्या.  घरी आल्यावर सासरे म्हणाले की तुम्ही सगळे रोजच दिसता, एकदा आपलं विमान बघायला मिळालं असतं तर बरं झालं असतं. जन्मभर ते एकाच जुन्या, पंख्याच्या विमानावर मेकॅनिक होते. रंग न दिलेलं, नुसत्या चकचकीत पत्र्याचं विमान. ते केव्हाच भंगारात गेलं. उरलाय एक काळा-पांढरा फोटो, आगपेटीएवढा.

मी म्हणालो, "मी दाखवतो."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच.

कॉम्प्युटरवर विमान उडवायचा माझा सिम्युलेटर आहे. त्यात ते मॉडेल मिळतं, पण पांढऱ्या रंगात. त्याची स्किन, म्हणजे वरची कातडी, तेवढी बदलायची. सिम्युलेटरवाल्यांच्या ग्रुपवर मला स्किनवाला म्हणूनच ओळखतात. (आजवर एकच केली आहे. लाल होती.) सासऱ्यांना पंधरा दिवसांचा शब्द दिला. मनात म्हटलं, आठवडा रग्गड झाला.

४ फेब्रुवारी
टेबल आवरलं. टेबल आवरलं की अर्धं काम होतं म्हणतात. म्हणजे अर्धं झालं. उरलेलं उद्या.

७ फेब्रुवारी
विमानाला करडा रंग फासला. सिमेंटच्या पाइपसारखं दिसायला लागलं.

ग्रुपवर एकजण आहे, त्याला सगळे कॅप्टन म्हणतात. प्रत्यक्षात दातांचा डॉक्टर. त्याने समजावलं की धातूला स्वतःचा रंग नसतो, समोर जे असेल तेच तो दाखवतो. त्यामुळे रंग द्यायचाच नाही. दोन काळे-पांढरे नकाशे करायचे. पत्रा कुठे आहे ते एकात, आणि तो किती गुळगुळीत ते दुसऱ्यात. चमक सिम्युलेटर आपली आपण आणतो. मी कळवलं की हे मला माहीतच होतं, फक्त खात्री करून घेतली.

१० फेब्रुवारी
नकाशात काळं-पांढरं उलटं झालं. टायर आरशासारखे लखलखतायत आणि विमान रबरी चपलेसारखं. बायको मागून बघून गेली, काही बोलली नाही. तिचं न बोलणं मला बरोबर ऐकू येतं.
सॉफ्टवेअर भिकार आहे.

१३ फेब्रुवारी
ऑफिसात मीटिंग. साहेब आकडे सांगत होते, मी कागदावर रिवेट, म्हणजे पत्रा जोडणारे खिळे, काढत होतो. अचानक विचारलं, तुमचं काय मत? तोंडातून गेलं, पृष्ठभाग अजून गुळगुळीत हवा. साहेब म्हणाले, खरंय, प्रेझेंटेशन जरा खडबडीतच झालं. नशीब शिकंदर.

१५ फेब्रुवारी
ऑफिसला डोकेदुखी कळवली.

कॅप्टनची पद्धत पुस्तकी आहे. खरा पत्रा हवा तर खऱ्या पत्र्याचा फोटो काढावा. इतकी साधी गोष्ट कोणाला सुचू नये? स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियमची परात लिंबाने घासून लख्ख केली. बायकोला वाटलं, मी मदत करतोय. तिचा चेहरा खुलला. परात घेऊन बाल्कनीत निघालो तेव्हा परत मावळला. उन्हात फोटो फक्कड आला. उकडत होतं म्हणून मी घरातल्याच कपड्यांत होतो. कामात गढलेल्या माणसाला कपड्यांचं भान कुठे असतं.

फोटोचा तुकडा कापला आणि फरशा बसवतात तसा विमानभर बसवला. काय सांगू! हाच तो पत्रा. परवा रविवारी सासऱ्यांना दाखवणार. त्याआधी ग्रुपवर टाकलं. शेवटी जाणकारांची दाद ती दाद.

१६ फेब्रुवारी
ग्रुपवर सकाळपासून प्रतिक्रियांचा पाऊस. छाती फुगली. मग त्या वाचल्या.

कॅप्टनने विचारलं होतं, "विमानभर हा बनियनमधला माणूस कोण?"

झूम करून बघितलं. घासलेली परात म्हणजे आरसाच की. प्रत्येक पत्र्यावर एकेक मी. बनियन, वाकडी मान, पोटाशी धरलेला मोबाइल. दारावर मी, शेपटीवर मी, पंखाखाली रांगेने मी. खुलासा टाकला की तो ग्राउंड स्टाफ आहे. विमानापेक्षा खुलासाच जास्त गाजला. आता माझ्या कंपनीचं नाव पडलंय बनियन एअर. सगळं काढून टाकलं, पण तोवर कोणीतरी उडतानाचा व्हिडिओ करून टाकला होता, संगीतासकट.

कान अजून गरम आहेत. जेवलो नाही. भूक लागली म्हणून नंतर जेवलो.

१७ फेब्रुवारी
आजचं रद्द. सासऱ्यांना फोन करून सांगितलं, फिनिशिंग चाललंय. ते म्हणाले, होऊ द्या सावकाश, कामात घाई नको. देवमाणूस.

बायकोला खरं सांगावंच लागलं. पोट धरून हसली. मग हसता हसता थांबली आणि म्हणाली, "आहे तसं दाखव. बाबांना आत्ता दिसतंय."

तिला समजावलं की प्रोफेशनल माणूस अर्धवट काम दाखवत नाही. खरं कारण इथेच लिहितो. सासऱ्यांच्या त्या विमानावर मी, तोही बनियनमध्ये, असं त्यांच्यापुढे मांडायची माझी छाती नाही. मला बघून ते हसले तर कुठे बघू?

२२ फेब्रुवारी
कॅप्टनच्याच पद्धतीने पहिल्यापासून. माझी पद्धत काळाच्या जरा पुढची होती. कबूल केलेली तारीख टळली खरी, पण उशीर कुठल्या विमानाला होत नाही?

१ मार्च
जमलं. पत्र्यात आभाळ दिसतं, वळलं की धावपट्टी सरकत जाते. मी स्वतःच दहादा बघितलं. बायको म्हणाली, झालं की, चल उद्याच जाऊ. तिला दिसत नाही, पण इंजिनामागे धुराचा डाग हवा. डागाशिवाय खरेपणा येत नाही. आठवडाभराचं काम.

८ मार्च
धूर झाला. आता रिवेटची डोकी बदलतोय. ग्रुपवर अजून कोणी चिडवतं का ते रोज बघतो. चिडवतात. ते थांबेपर्यंत दाखवण्यात अर्थ नाही. बायकोने विचारलं, त्यांचा नि बाबांचा काय संबंध? मी म्हणालो, आहे. काय आहे ते मला नीट सांगता आलं नाही.

सासूबाईंचा फोन येऊन गेला. सासरे हल्ली पेपर उघडून लगेच बाजूला ठेवतात. म्हणतात, छपाई बिघडलीय.

 

१६ मार्च
आज अखेर तो दिवस. कॉम्प्युटर, स्क्रीन, वायरींचं भेंडोळं, सगळं लटांबर घेऊन सासरी आलो. मुक्काम आहे.

सासऱ्यांना समोर खुर्चीत बसवलं. सिम्युलेटर सुरू व्हायला वेळ लागतो. स्क्रीनवर निळ्यावर नुसतं एक चक्र फिरत होतं. ते म्हणाले, "वा. अगदी तेच." उत्साह, दुसरं काय. मग विमान आलं. मी सगळ्या बाजूंनी फिरवून दाखवलं. ते जरा तिरके बसून, खिडकीकडे तोंड केल्यासारखे बघत होते. जाणकार माणूस पत्र्याची चमक अशी तिरकीच तपासतो. मेकॅनिकची नजर ती! म्हणाले, दारापाशी काय चकाकतंय. तेव्हा समोर शेपटी होती. मन भरून आलं की माणसाचं होतं असं मागेपुढे.

माझा हात हातात घेऊन बराच वेळ धरला. म्हणाले, फार मोठं काम केलंत. मी थँक यू म्हणालो. बायको मधेच उठून आत गेली. तिलाही राहवलं नसणार.

शब्द दिला होता, पाळला. थोडं उशिरा, पण पाळला.

१७ मार्च
लिहू नये असं वाटतंय.

सकाळी वायरी काढायला टेबलाखाली शिरलो होतो. तेवढ्यात सासरे आणि बायको चहा घेऊन खोलीत आले. सासरे चाचपडत त्याच खुर्चीत बसले. बायको म्हणाली, बाबा, आता खरं सांगा. ते हळू आवाजात म्हणाले, "काही नाही दिसलं गं. नुसता उजेड दिसला. पण जावईबापूंना बोलू नकोस, महिनाभर राबलेत." मग चहाचा घोट घेऊन म्हणाले की पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत भिंतीवरच्या घड्याळाचे काटे दिसत होते, तेव्हा दिसलं असतं.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. यात सॉफ्टवेअरचा दोष नाही, कॅप्टनचा नाही. विमान पंधरवडाभर तयार होतं, आणि चार अनोळखी माणसं मला हसली म्हणून मी डाग रंगवत बसलो. लाज वाटते. बाहेर येऊन हे त्यांना तोंडावर सांगायचं ठरवलं. ठरवून सरकलो आणि डोकं टेबलावर आपटलं.

सासऱ्यांनी कप खाली ठेवला. विचारलं, "कोण आहे?"

माझा एक पाय बाहेर होता, त्यांच्या पायाजवळच. मी तो हळूच आत ओढून घेतला. 

बायको खाली वाकली. माझ्याकडे बघत राहिली. मग उठली आणि म्हणाली, "कोणी नाही, बाबा."