हसरीचा तक्ता

सोमवार, ४ जून
नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि वॉर्ड एकदम छान निघाला! ऑपरेशन झालेल्या मुलांचे दहा पलंग, पिवळे पडदे, भिंतीवर ससे. थोरल्या सिस्टरांनी काम समजावलं. दर चार तासांनी मुलांपुढे चेहऱ्यांचा तक्ता धरायचा. हसरा चेहरा शून्य, रडका दहा, आणि आकडा पाहून औषध. पाच नंबरच्या नऊ वर्षांच्या मुलीला बोलता येत नाही, फारसं कळतही नाही. खुब्याचं ऑपरेशन झालंय, तरी सारखी खिदळते, म्हणून तिचं नाव हसरी. तिचा आकडा मी तिच्या तोंडावरूनच लिहिला. शून्य. आमची तर लगेच गट्टी जमली.

मंगळवार, ५ जून
भेटीच्या वेळी हसरीची आई आली. लेकीला दुखलं की ती हसते, भरतीच्या दिवशीच तसं लिहून दिलंय, म्हणाली. थोरल्या सिस्टर म्हणाल्या, आयांना सगळंच जास्त दिसतं. मी नवी, नसतं लचांड कशाला मागे लावून घ्या? शून्यच लिहिलं. ओळीने शून्यं पाहून डॉक्टरांनी दुखण्याचं औषध बंद केलं.

बुधवार, ६ जून
आज हसण्याचा सूर चढा. मीही तिला चिडवून हसले. दुपारी चादर बदलताना पाहिलं, ओठ दातांनी फाटलेला, मुठीत स्वतःचेच उपटलेले केस. आईची चिठ्ठी पलंगाखाली, हसरीच्या चपलांच्या पिशवीत सापडली, घडीसुद्धा न मोडलेली. डॉक्टरांकडे धावले. ऑपरेशनमध्ये होते. उद्या बघू, असा निरोप आला.

गुरुवार
पाच नंबर रिकामा. जखम आतून चिघळली होती. दुखणं ओळखलं असतं तर वाचली असती. आई रडली नाही. शेवटचा आकडा किती लिहिलात, एवढंच मला विचारलं.

शुक्रवार
उकळतं पाणी हातावर सांडलं. किंचाळायला तोंड उघडलं आणि — हसू. तिचंच खिदळणं, माझ्या तोंडातून. सगळ्याजणी माझ्याबरोबर हसल्या.

रविवार
पोटात उजवीकडे कळा. सहन होत नाही. सांगायला तोंड उघडलं की खिदळते. थोरल्या सिस्टरांनी पाच नंबरवर निजवलं. लिहून दिलं त्यांना — दुखतंय, डॉक्टरांना बोलवा. काय मस्करी करतेस, म्हणाल्या, आणि न वाचताच घडी माझ्या चपलांच्या पिशवीत —

माझ्या तोंडाकडे पाहून त्यांनी आकडा लिहिला. शून्य.

पुन्हा हसते आहे. ओठ फाटला. कोणीतरी ती पिशवी उघ—