ठकी कुणावर गेली?

दि. ११ ऑक्टोबर

प्रिय विहीणबाई,

सप्रेम नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? इकडे सगळं ठीक. वरच्या मजल्यावरच्यांनी एकदाचा नळ दुरुस्त करून घेतला, त्यामुळे माझ्या न्हाणीघराचं छत गळायचं थांबलं. खुशाली संपली, आता मुद्द्यावर येते.

कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या बाईला मराठीत धड भांडताही येत नाही, असं तुम्ही मागे एकदा म्हणाला होतात. सिस्टरांनी आम्हाला आवाज न चढवता भांडायला शिकवलं, एवढंच. म्हणून फोन न करता लिहिते आहे. फोनवर तुम्ही मध्येच बोलता.

शाळेत डोळे तपासले आणि आपल्या ठकीला लाल आणि हिरवा वेगवेगळे दिसत नाहीत असं निघालं. इतकीच गोष्ट. तुम्ही लगेच पाहुण्यांसमोर जाहीर केलंत, "आमच्या घराण्यात असलं काही नाही. हे सूनबाईंच्या माहेरचं." माझी लेक चहाचा ट्रे घेऊन तिथंच उभी होती. मग तुम्ही ठकीचा रंगांचा डबा उचलून कपाटावर ठेवलात, "कशाला पोरीचं हसं करून घ्यायचं!"

परवा लेक आणि जावईबापू तिला घेऊन माझ्याकडे आले. ठकी कागदावर नुसती पेन्सिल फिरवत बसली. मी विचारलं, "रंगवत नाहीस?" तर म्हणते, "माझे डोळे बिघडलेत ना आजी. रंग चुकतात."

तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

आता पुढचं नीट वाचा. शाळेतून मिळालेला रंगीत ठिपक्यांचा कागद टेबलावर पडला होता. जावईबापूंनी चहा पिता पिता उचलला. "हे काय?"

"त्यात आकडा आहे. वाचा."

त्यांनी कागद उलटा केला, आडवा केला, खिडकीपाशी नेला. "आई, उगाच थट्टा नका करू. यात आकडा कुठं आहे?"

माझी लेक हसता हसता खुर्चीवरून पडायची बाकी होती. "तरीच! तरीच दर वेळी कच्चे टोमॅटो उचलून आणतोस!"

ठकी मात्र हसली नाही. बापाजवळ जाऊन उभी राहिली. "बाबा, तुलापण नाही दिसत?"

"नाही गं."

"मग तू ऑफिसला कसा जातोस?"

"बसनं."

यावर तिनं बराच विचार केला. जावईबापू मला हळूच म्हणाले, "आमच्या आईला सांगू नका हं." मी हो म्हटलं नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

जीवशास्त्र शिकवण्यात माझी उमर गेली, तेव्हा हा धडा तुम्हाला फुकट. रंग ओळखायची ही सोय एक्स नावाच्या गुणसूत्रावर असते. बाईकडे एक्स दोन, एक आईकडून आलेला, एक बापाकडून. एकात खोट असली तरी दुसरा निभावून नेतो, बाईला पत्ताही लागत नाही. पुरुषाकडे एक्स एकच. त्यातच खोट असली तर सावरून घ्यायला कुणी नाही. म्हणून हे मुलग्यांत जास्त दिसतं. मुलीत दिसायचं तर दोन्ही बाजूंनी यावं लागतं. ठकीला एक माझ्या लेकीकडून आला, कबूल. दुसरा तुमच्या चिरंजीवांकडून. आणि मुलाला एक्स देते ती फक्त आई! बाप देतो तो वाय, त्यात या भानगडीचं काही नसतं. म्हणजे तुमचे यजमान पूर्ण निर्दोष आहेत. ही बातमी त्यांना आधी सांगा, घरात निर्दोष ठरायची संधी त्यांना क्वचितच मिळते.

माझी लेक आणि तुम्ही एकाच पंगतीत बसता, विहीणबाई. दोघींना रंग स्वच्छ दिसतात आणि दोघींनी पुढे पोचवलं. यात कुणाचा गुन्हा नाही. वाटणी होते तेव्हा कोणता एक्स कुणाला जायचा, हे कुणी विचारून ठरवत नाही.

इथं पत्र संपवणार होते. पण माझ्या बाजूचं लिहायला हात धजत नव्हता, ते राहिलंच.

आमचं लोकरीचं दुकान होतं, ते तुम्ही पाहिलंय. ह्यांना लाल-हिरवं कळत नसे. मी रोज सकाळी शाळेत जायच्या आधी लडी रंगांप्रमाणे लावून द्यायची, ठरलेल्या फळीवर ठरलेला रंग. गिऱ्हाईक आलं की हे अदबीनं म्हणायचे, "तुमच्या मनातला रंग कोणता, तुम्हीच बोट ठेवा." बायका म्हणत, काय सभ्य माणूस! एकदा झाडणाऱ्या बाईनं फळ्या पुसून लडी मनाला येईल तशा ठेवल्या, आणि ह्यांनी मशीनवर विणून दिलेल्या एका प्राध्यापकाच्या तपकिरी स्वेटरची डावी बाही हिरवी झाली. त्याला वाटलं फॅशन आहे. तशीच दुसरी करून घेऊन गेला.

ह्यांनी हे कुणाला कळू दिलं नाही. लोक लोकर घ्यायचे नाहीत म्हणून. मीही नाही बोलले, अगदी लेकीजवळसुद्धा. परवा तिला सांगितलं, आज तुम्हाला.

आणि खरं सांगू? शाळेचा निरोप आला तेव्हा मला वाईट वाटलंच नाही. आत जाऊन एकटीच हसले, मग थोडी रडले. ह्यांचे कपडे देऊन टाकले, दुकान गेलं, आवाजसुद्धा आता नीट आठवत नाही. आणि ठकी दोन खडू हातात घेऊन विचारते, "हा की हा? तू बोट ठेव ना." ती लकब एक्सवरून येत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. पण जगाकडे ज्या डोळ्यांनी ते बघायचे, त्याच डोळ्यांनी बघणारं माणूस घरात पुन्हा आलंय, एवढं तर पुस्तकातही खरं आहे.

तिला बिघडलेली म्हणू नका. दुसरं काही मागत नाही. डबा खाली काढा, तुमचा गुडघा चढू देत नसेल तर जावईबापूंना सांगा. खडूंवर रंगांची नावं लिहून चिकटवा, तिला वाचता येतं. आणि तिनं गवत तांबडं केलं तर करू द्या. तुमच्या वडिलांना किंवा मामांना रंग नीट कळत होते का, तेही आठवून पाहा. ठकी विचारत होती, "त्या आजीकडचं कोण माझ्यासारखं होतं?" माझ्याकडचा माणूस मी तिला सांगितला. तुमच्याकडचा तुम्ही सांगायचा.

तुमच्या नातीत तुमच्याइतकीच वाटेकरी,
दुसरी आजी