दुरुस्तीचा रकाना

४ मे

ती. मामांना,
सा. न. वि. वि.

तुमचा एप्रिलच्या तारानिरीक्षणांचा तक्ता पोचला, माझा सोबत आहे. इथे आकाश स्वच्छ आहे. मध्यरात्रीच्या सुमारास अभिजित बराच वर आलेला असतो, ज्येष्ठेचा तांबूस रंग नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतो. मुकुट तारकासमूहातला आपला लहरी तारा, जो कधीतरी एकाएकी मंद पडतो, तो अजून सहाव्या प्रतीवर ठाम आहे. प्रतीचा आकडा वाढला की तारा मंद होतो हे मामीला अजून पटत नसेल, तर तिचंच बरोबर आहे.

तुमचे आकडे माझ्यापेक्षा जरा मंद येतात. ते मी बघून घेते.

मामीला नमस्कार. लोभ आहे तेवढा पुरे, कमी मात्र करू नये.
तुमची भाची

११ मे

चि. इंचपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

बसून वाच. तारा पडला. काल दुर्बिणीतून सरळ पाहिलं तर जागा रिकामी. नजर किंचित बाजूला नेली तेव्हा कुठे लुकलुकला. म्हणजे नववी प्रत तरी झाली. अकरा वर्षं वाट पाहिली याची. मामी म्हणाली, सवत गेली एकदाची. आकाशनिरीक्षक मंडळाच्या चिटणीसांना उद्या कळवतो. तुझ्या प्रयोगशाळेत तपासणीला आलेल्या थर्मामीटरांना सुट्टी दे आणि पाहा.

आशीर्वाद आहेतच, ते दशांशात मोजू नकोस.
मामा

१५ मे

ती. मामांना,
सा. न.

तारा जागेवर आहे. तीन रात्री पाहिला, तिन्ही वेळा ६.०. चिटणीसांना कळवलं असेल तर मागे घ्या.

आज एकच करा. दुर्बीण अभिजितवर लावा. नेहमीसारखा उजवा डोळा लावा आणि नजर बाजूला न नेता नेमकं मध्यात पाहा. इतका ठळक तारा सरळ पाहून नाहीसा होत नाही. झाला, तर सकाळी पहिलं काम म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. मामीला सोबत न्या.

उलट टपाली लिहा.
भाची

१९ मे

चि. इंचपट्टीस,
अ. आ.

अक्षर मामीचं, मजकूर माझा.

अभिजित नव्हता. नजर बाजूला नेली की येई, सरळ आणली की जाई. मी भिंग पुसलं, पुन्हा पाहिलं, पुन्हा पुसलं. सकाळी मामीला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

उजव्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेला आहे. वर्ष तरी झालं असेल. तो परत यायचा नाही. डाव्यात सुरुवात आहे, इंजेक्शनं लगेच सुरू केली. आणखी महिनाभर थांबला असता तर हाही गेला असता, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. इतके दिवस कळलं कसं नाही, असंही त्यांनी विचारलं. मंद तारा सरळ पाहू नये, नजर बाजूला ठेवावी, हे तीस वर्षं लोकांना शिकवलं. मध्ये काही दिसत नाही याचं मला नवलच वाटेनासं झालं होतं. याच डोळ्याला भिंग लावून मी चाळीस वर्षं घड्याळं उघडली.

मामीला पुढचं लिहवत नाही, म्हणून थांबतो.
मामा

२४ मे

ती. मामांना,
सा. न.

पत्र उभ्यानेच वाचलं, नंतर कामावर गेले नाही.

एक सांगायचं आहे. गेल्या वर्षी जूनमध्ये तुमचा आकडा माझ्यापेक्षा ०.२ ने मंद होता. दिवाणखान्यातलं घड्याळ थोडं पुढे असावं तसा फरक प्रत्येकाच्या डोळ्यात असतोच, म्हणून मी तुमच्या आकड्यांपुढे दुरुस्तीचा एक रकाना केला. ऑक्टोबरात ०.३, जानेवारीत ०.४, एप्रिलमध्ये ०.६. दर महिन्याला मी तेवढी वजाबाकी केली आणि आपल्या दोघांचे आलेख छान जुळवले. दुरुस्ती वाढत असेल तर उपकरण तपासायला घ्यावं, हे मी रोज दुसऱ्यांना शिकवते. तुमचं मी तपासलं नाही. तुम्हाला विचारलंही नाही.

मूळ तक्ते सोबत पाठवते आहे.
भाची

३० मे

चि. इंचपट्टीस,
अ. आ.

पत्र मामीकडून दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्यांदा ती तुझ्यावर चिडली, तिसऱ्यांदा तिला वाचू दिलं नाही.

मी तुझ्या जागी असतो तर हाच रकाना केला असता, आणि तुझ्यापेक्षा सुबक. पण आता तो खोड.

काल मामीला दुर्बिणीपाशी बसवलं. नजर बाजूला ठेव म्हटलं, तर म्हणाली, मला सरळच दिसतंय, तुम्ही गप्प बसा. तिचा आकडा ६.०. माझा, डाव्या डोळ्याचा, ६.१. दोन्ही जसेच्या तसे लिही. माझा पुढे ढळला तर जुळवू नकोस. त्याच दिवशी कळव.

तुझे
मामा, मामी